स्वित्झर्लंडचं पहिलं वर्ष: जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काय, केव्हा करावं

दरवर्षी उन्हाळ्यात तेच प्रश्न येतात. कधी धुळ्याच्या देवपुरातून, कधी पाचोऱ्याहून, कधी शिरपूरहून. घरातल्या मुलाला किंवा मुलीला स्वित्झर्लंडच्या विद्यापीठाचं पत्र आलेलं असतं, पेढे वाटून झालेले असतात आणि मग रात्री वडील हिशेबाची वही काढतात. ‘बँकेत पैसे किती दाखवायचे? कापसाचे पैसे दिवाळीनंतर आले, ते चालतील का? तिकडे नोकरी करून खर्च निघेल का? आणि सुट्टीत तो मित्रांबरोबर पॅरिसला जातो म्हणतोय, त्यात काही भानगड तर नाही ना?’

या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं आहेत. स्वित्झर्लंड महाग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून घरची मंडळी पैशांची जुळवाजुळव वेळेत सुरू करतात. अडचण येते ती तारखा चुकल्यामुळे. व्हिसाचा अर्ज उशिरा जातो, विमा वेळेत घेतला जात नाही, परवान्याची मुदत लक्षात राहत नाही. म्हणून हा लेख वाचताना घरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढून जवळ घ्या आणि त्यावर खुणा करत चला.

आधी ठरवा: तुम्ही कोणत्या वाटेने जाताय?

- एक्स्चेंज: तुमच्या कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार असेल तर एक सत्र किंवा एक वर्ष तिथे शिकता येतं. फी बहुधा इथेच भरायची असते. राहण्याचा आणि जेवणाचा खर्च मात्र तुमचा.
- मास्टर्स: आपल्याकडच्या मुलांसाठी ही सर्वांत मळलेली वाट. झुरिकचं ईटीएच आणि लोझानचं ईपीएफएल इथे बरेच मास्टर्स अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी या दोन्ही संस्थांनी २०२५ च्या शरद सत्रापासून फी तिप्पट केली: एका सत्राला ७३० फ्रँक होती, ती २,१९० फ्रँक झाली. जुन्या व्हिडिओतला किंवा सीनियरने सांगितलेला आकडा धरून हिशेब करू नका.
- पीएचडी: इथे विद्यार्थी बहुतेक वेळा पगारी संशोधक असतो. नियम आणि खर्चाचं गणित दोन्ही वेगळं आहे.
- बारावीनंतर थेट पदवी: ही वाट अवघड. पदवीचं शिक्षण मुख्यतः जर्मन किंवा फ्रेंचमध्ये असतं आणि आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जळगाव, धुळे, शिरपूर किंवा पुण्यात पदवी घ्या आणि मग मास्टर्सला जा, हाच सल्ला मी देईन.

अभ्यास इंग्रजीतून असला तरी दुकान, दवाखाना आणि नगरपालिकेची पत्रं तिथल्या भाषेत असतात. झुरिक, बर्न, बाझेलला जर्मन, जिनिव्हा, लोझानला फ्रेंच, लुगानोला इटालियन. निघण्यापूर्वी त्या भाषेची पहिली पातळी तरी पूर्ण करा.

विद्यापीठं आपल्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याकडून थेट अर्ज घेतात, त्यासाठी एजंटची गरज नसते. ‘प्रवेशाची गॅरंटी’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर त्या ऑफिसातून उठून बाहेर या.

कॅलेंडरवरच्या पहिल्या खुणा

सप्टेंबरच्या मध्याला सुरू होणाऱ्या शरद सत्रासाठी साधारण क्रम असा:

1. आदल्या वर्षीचा ऑगस्ट ते ऑक्टोबर. पासपोर्ट काढा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून किंवा तुमच्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करा. दहावीची सनद, पदवी आणि पासपोर्ट यांवरची नावं एकमेकांशेजारी ठेवून तपासा. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे स्पेलिंग वेगळं, हे आपल्याकडे घरोघरी आढळतं. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून ती आत्ताच करा.
2. नोव्हेंबर-डिसेंबर. बऱ्याच मोठ्या संस्थांची अर्जाची खिडकी याच काळात उघडते आणि बंदही होते. ‘सेमिस्टर संपल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष इथे जातं.
3. फेब्रुवारी ते एप्रिल. प्रवेशाचं पत्र आलं की त्याच आठवड्यात दोन कामं करा: विद्यार्थी वसतिगृहासाठी नाव नोंदवा आणि बँकेत कर्जाची फाइल उघडा.
4. एप्रिल-मे. ‘डी’ प्रकारच्या राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर हाच व्हिसा लागतो. अर्ज स्विस दूतावासाच्या व्हिसा विभागामार्फत जातो, पण निर्णय तुम्ही जिथे राहणार त्या कँटनचं, म्हणजे तिथल्या राज्याचं, स्थलांतर कार्यालय घेतं. म्हणून आठ ते बारा आठवडे धरून चाला.
5. ऑगस्टअखेर. विमान. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. जळगावहून किंवा धुळ्याहून आदल्या दिवशीच मुंबई गाठा. पावसाळ्यात रेल्वे आणि घाट दोन्हींचा भरवसा धरू नका.

व्हिसाच्या फाइलमध्ये काय तपासलं जातं? प्रवेशपत्र, फी भरल्याचा पुरावा, वर्षभराच्या खर्चाची सोय, शिक्षणाचा आतापर्यंतचा प्रवास, हाच अभ्यासक्रम का निवडला याचं पत्र आणि शिक्षण संपल्यावर देश सोडण्याचं लेखी आश्वासन. अभ्यासक्रमाचं पत्र स्वतः लिहा. इंटरनेटवरून उचललेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

हे करू नका: व्हिसाला उशीर होतोय म्हणून पर्यटक व्हिसावर जाऊन ‘तिकडे बदलून घेऊ’ असा विचार करू नका. तो तिथे बदलून मिळत नाही. परत यावं लागतं आणि पुढच्या अर्जावरही त्याची सावली पडते.

पैसे: किती आणि कोणत्या कागदावर?

पहिल्या वर्षाच्या निर्वाहासाठी २१,००० फ्रँकच्या आसपास रक्कम दाखवावी लागते, असं धरून तयारी करा. नेमका आकडा आणि तो कोणत्या प्रकारच्या खात्यात हवा हे कँटन ठरवतं. अर्जाच्या वेळी त्या कँटनच्या आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्या. एक फ्रँक आता शंभर रुपयांच्या वर गेला आहे, म्हणजे ही रक्कम एकवीस लाखांच्या पुढे जाते.

महिन्याचा ढोबळ खर्च असा धरा:

- खोली: ६०० ते ९०० फ्रँक
- किराणा आणि जेवण, स्वतः रांधून: ३५० ते ४५० फ्रँक
- आरोग्य विमा: पॉलिसीनुसार शंभरच्या आसपासपासून तीनशेच्या पुढेपर्यंत
- शहरातला प्रवास, फोन, किरकोळ: १५० ते २०० फ्रँक

आता खानदेशातल्या शेतकरी घरांचा खास प्रश्न. कापूस आणि केळीचे पैसे येतात हंगामात, फाइल लागते उन्हाळ्यात. खात्यात मोठी रक्कम एकदम दिसली की ‘ही कुठून आली?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर कागदावर तयार ठेवा:

- माल विकल्याच्या पट्ट्या आणि पावत्या जपून ठेवा. विक्रीचे पैसे रोखीने न घेता खात्यातच घ्या.
- शेती उत्पन्नावर आयकर नसल्याने अनेक घरांत विवरणपत्रच नसतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा लागतो. इंग्रजी भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घ्या.
- नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी पैसे आणून खातं फुगवू नका. मागच्या महिन्यांचे व्यवहार पाहिले जातात.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर हे लक्षात ठेवा: मोठ्या कर्जाला तारण लागतं आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण धरत नाहीत. एन. ए. प्लॉट, घर किंवा मुदत ठेव चालते. दहा एकर बागायत असूनही फाइल अडते ती इथे. म्हणून हा प्रश्न बँकेत पहिल्याच भेटीत विचारा.

परदेशी रक्कम पाठवताना दोन नियम उपयोगी पडतील. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आणि वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर, तसंच बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर, टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, कापला जात नाही. त्यावरच्या रकमेवर कापला गेला तर आयकर विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. तो सोडून देऊ नका.

शिष्यवृत्ती: कुणी कुठे पाहावं?

- अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थी: सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती.
- अनुसूचित जमाती: आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल भागातल्या मुलांपर्यंत ही माहिती पोहोचवणं शिक्षकांचं काम आहे, असं मी मानतो.
- इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती: इतर मागास बहुजन कल्याण विभाग.
- मराठा आणि कुणबी: ‘सारथी’ची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती.

या योजनांत विद्यापीठाचा जागतिक क्रमांक पाहिला जातो आणि विनाअट प्रवेशपत्र मागितलं जातं. वयाची आणि उत्पन्नाची अट दरवर्षीच्या जाहिरातीत असते. ईटीएच आणि ईपीएफएल क्रमवारीत खूप वर आहेत, त्यामुळे तिथे क्रमांकाची अडचण येत नाही. स्विस सरकारची प्रसिद्ध ‘एक्सलन्स’ शिष्यवृत्ती मात्र आपल्या विद्यार्थ्यांना पीएचडी आणि संशोधनासाठी मिळते. मास्टर्सचा हिशेब तिच्यावर बांधू नका.

पोहोचल्यावर: चौदा दिवस आणि तीन महिने

या दोन मुदती कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

चौदा दिवसांत तुम्ही राहता तिथल्या नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात जाऊन नाव नोंदवा. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र आणि घराचा करार बरोबर न्या. त्यानंतर राहण्याचा परवाना मिळतो: वर्षापेक्षा कमी मुक्कामाला ‘एल’, लांबच्या अभ्यासक्रमाला ‘बी’. परवाना दरवर्षी नवा करावा लागतो. पत्ता बदलला तरी चौदा दिवसांत कळवायचं. दुसऱ्या कँटनमध्ये राहायला जायचं असेल तर तिथली परवानगी आधी घ्यावी लागते.

तीन महिन्यांत आरोग्य विमा घेणं सक्तीचं आहे. इथे तीन गोष्टी नीट समजून घ्या:

1. विमा तिसऱ्या महिन्यात घेतला तरी हप्ता तुम्ही आल्याच्या तारखेपासून मोजला जातो. उशीर करून पैसे वाचत नाहीत.
2. परदेशी विद्यार्थ्यांना समतुल्य खासगी विमा दाखवून सक्तीच्या विम्यातून सूट मागता येते. या पॉलिसी बऱ्याच स्वस्त असतात. पण सूट आपोआप मिळत नाही, कँटनच्या कार्यालयाकडे मुदतीत अर्ज करावा लागतो. भारतातून काढलेली प्रवास विम्याची पॉलिसी सहसा पुरत नाही.
3. सक्तीच्या विम्यात वर्षाची पहिली ठरावीक रक्कम तुम्हीच भरता. प्रौढांसाठी ती ३०० ते २,५०० फ्रँकच्या दरम्यान निवडता येते. रक्कम मोठी निवडली तर हप्ता कमी होतो. त्यावरच्या खर्चातही १० टक्के वाटा तुमचा, वर्षाला कमाल ७०० फ्रँक. दात सहसा यात येत नाहीत. म्हणून दातांची कामं जळगाव-धुळ्यातच उरकून जा, चष्म्याची एक जास्तीची जोडी न्या.

बँकेचं खातं, फोनचं सिम आणि वाहतुकीचं कार्ड ही कामं नोंदणीनंतर सोपी जातात. तिकडे यूपीआय चालत नाही, ‘ट्विंट’ नावाचं अॅप चालतं. भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रोमिंग सुरू करून ते जिवंत ठेवा.

आणखी एक पत्र घरी येईल: ‘सेराफे’चं. रेडिओ-टीव्हीचं हे शुल्क प्रत्येक घराला लागू आहे, वर्षाला ३३५ फ्रँक, घरात टीव्ही नसला तरी. चौघं एका घरात राहत असाल तर बिल एकच असतं, वाटून भरा. ‘आपल्याकडे टीव्ही नाही’ म्हणून पत्र बाजूला टाकलं तर पुढे वसुलीची नोटीस येते. वसुलीच्या नोंदीचा उतारा पुढचं घर भाड्याने घेताना मागितला जातो.

खोली भाड्याने घेताना तुमचे हक्क

झुरिकमध्ये ‘वोको’ आणि लोझानमध्ये ‘एफएमईएल’ या संस्था विद्यार्थ्यांना खोल्या देतात. प्रतीक्षा यादी लांब असते. खासगी खोली घेतली तर:

- अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ती बँकेत तुमच्या नावाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, घरमालकाच्या खिशात जात नाही.
- ताबा घेताना भिंतीवरचा ओरखडा, बेसिनची भेग, सगळं लेखी नोंदवून घ्या, फोटो काढा. निघताना हेच कागद अनामत परत मिळवून देतात.
- खोली न पाहता, करार न वाचता, परदेशी खात्यावर आगाऊ पैसे मागणारा ‘मालक’ बहुधा ठग असतो. ‘मी सध्या लंडनला आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ हे वाक्य आलं की संभाषण थांबवा.
- सुट्टीत खोली दुसऱ्याला द्यायची असेल तर मालकाची संमती लागते.
- वाद झालाच तर प्रत्येक भागात भाडेविषयक तडजोड कार्यालय असतं. तिथली प्रक्रिया मोफत आहे. घाबरून गप्प बसू नका.

इमारतीचे नियम पाळा. रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता असते. कपडे धुण्याचं यंत्र सामाईक असतं आणि त्याची पाळी ठरलेली असते. कचरा बऱ्याच गावांत कर भरलेल्या खास पिशवीतच टाकावा लागतो. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही उघडी असतात, म्हणून किराणा शनिवारी भरा. आणि भरीत खायची इच्छा झाली तर वांगी ओव्हनमध्ये भाजा. खोलीत आच आणि धूर केला तर आगीची घंटा वाजते, अग्निशमन दल येतं आणि त्याचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो.

नोकरी करून खर्च निघेल का?

नाही. निघेल असं धरून जाऊ नका. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने सहसा काम करता येत नाही. त्यानंतर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त १५ तास, सत्रांमधल्या सुट्टीत पूर्ण वेळ. मालकाने आधी परवानगी काढलेली असावी लागते. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला विद्यापीठातच सहायकाचं काम मिळालं तर नियम थोडे सैल असतात, तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

परवानगीशिवाय हॉटेलात भांडी घासण्याचं काम ‘रोख देतो’ म्हणून कोणी देऊ केलं तर घेऊ नका. चार पैशांसाठी परवानाच जाऊ शकतो. आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेण्याचा हक्क कोणत्याही मालकाला नाही.

शिक्षण स्विस विद्यापीठातून पूर्ण झालं की नोकरी शोधण्यासाठी सहा महिने राहण्याची मुभा मिळू शकते. त्याचा अर्ज परवाना संपण्यापूर्वी करायचा असतो. ही तारीखही कॅलेंडरवर हवी.

छोट्या सहली: नक्की करा, पण हिशेबाने

पालकांना विनंती आहे: ‘शिकायला पाठवलंय, फिरायला नाही’ असं म्हणून मुलांना अडवू नका. डोंगर, रेल्वे, संग्रहालयं, चार भाषांचा एकत्र संसार, हे सगळं त्या शिक्षणाचाच भाग आहे. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या पोरांना तो हिवाळा मनावर जड जातो. शनिवारी बाहेर पडणारा विद्यार्थी सोमवारी ताजा असतो, म्हणून सहलींसाठी थोडी रक्कम वेगळीच ठेवा.

रेल्वेचं गणित

- हाफ-फेअर कार्ड आधी घ्या. त्यावर देशभर बहुतेक प्रवास निम्म्या दरात होतो. प्रौढांना वर्षाला १९० फ्रँकच्या आसपास पडतं, पंचविशीच्या आतल्यांना त्याहून बरंच कमी. वर्षभरात पूर्ण भाड्याने ३८० फ्रँकचा प्रवास होणार असेल तर १९० ची किंमत वसूल झाली, आणि तेवढा प्रवास चार-पाच सहलींतच होतो.
- पंचविशीच्या आतल्यांसाठी संध्याकाळी सात ते पहाटे पाचपर्यंत मोकळ्या प्रवासाचं वेगळं कार्डही मिळतं.
- एक दिवसाचा पास काही आठवडे आधी घेतला तर फार स्वस्त पडतो. हाफ-फेअर असल्यास तो तीस फ्रँकच्या आसपासपासून मिळतो.
- पर्यटकांचा ‘स्विस ट्रॅव्हल पास’ तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला चालत नाही. तो तुम्ही भेटायला गेलात तर तुमच्यासाठी आहे.
- हाफ-फेअर कार्ड वर्षाची मुदत संपली की आपोआप नवं होतं आणि बिल येतं. परत यायचं असेल तर मुदतीपूर्वी रद्द करा.
- तिकीट गाडी सुटण्यापूर्वीच काढलेलं हवं. गाडीत बसल्यावर फोनवर काढलेलं तिकीट चालत नाही. दंड शंभर फ्रँकच्या आसपास असतो आणि त्याची नोंदही राहते.

सुरुवातीला कुठे जाल?

- ऱ्हाइन धबधबा, शाफहाउजनजवळ: झुरिकहून तासाभरात. रुंदी १५० मीटर, उंची २३ मीटर. सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं.
- बर्न: जुनं शहर १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १९०५ साली आइन्स्टाइन राहत होते ते घर आता संग्रहालय आहे. पायी पाहण्यासारखं शहर आहे, डबा सोबत न्या.
- लॅव्हो: लोझानजवळ तळ्याकाठी उतरत गेलेले द्राक्षांचे मळे, २००७ पासून वारसा यादीत. शेतकऱ्याच्या मुलांनी हे पाहावंच. इतक्या उभ्या उतारावर दगडी ताली रचून माती कशी धरून ठेवली आहे, ते चालत चालत समजतं.
- जिनिव्हा: ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचं विज्ञान केंद्र, २०२३ मध्ये सुरू झालेलं, प्रवेश मोफत. भारताने २००४ साली भेट दिलेली नटराजाची मूर्ती ‘सर्न’च्या आवारात उभी आहे.
- लाउटरब्रुनेन: जवळपास ३०० मीटर उंचीवरून पडणारा श्टाउबाख धबधबा. दरीतून चालायला एक पैसा लागत नाही.
- युंगफ्राउयोख: ३,४५४ मीटरवर, १९१२ पासून रेल्वे जाते. तिकीट खूप महाग आहे. एकदाच जा, आणि शक्य असेल तर आई-वडील आल्यावर जा.

सीमा ओलांडताना

स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. वैध पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. म्हणजे पॅरिस, मिलान, म्युनिक मोकळं. काळजी एवढीच:

- ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा.
- पासपोर्ट आणि परवाना दोन्ही मूळ स्वरूपात जवळ ठेवा. गाडीत तपासणी होते.
- ‘डी’ व्हिसाची मुदत संपली आणि परवान्याचं कार्ड अजून आलं नाही, तर सीमा ओलांडू नका. कितीही स्वस्त तिकीट मिळालं तरी नाही.
- सीमेपलीकडे किराणा स्वस्त असतो, म्हणून बरेच जण जर्मनीत जाऊन सामान भरतात. २०२५ पासून माणशी १५० फ्रँकपर्यंतच्या सामानावरच करमाफी आहे. मांसावर वेगळी मर्यादा आहे, माणशी एक किलो.
- तिकीट काढण्यापूर्वी परीक्षांच्या तारखा पाहा. काही ठिकाणी नाताळच्या सुट्टीनंतर लगेच परीक्षा असतात.

डोंगरात जाताना पाट्या वाचा

पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: चांगले बूट आणि पायांत बळ हवं. पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे कड्यांची, बर्फाची वाट. अनुभव नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. सातपुड्यात किंवा पाटणादेवीच्या जंगलात भटकलो आहोत म्हणून आल्प्स सोपा जाईल असं समजू नका, तिथे दुपारी हवामान तासाभरात फिरतं. हिवाळ्यात हिमस्खलनाचा इशारा एक ते पाच अंकांत दिला जातो, तो पाहूनच निघा. सक्तीचा विमा बचावकार्याचा अर्धाच खर्च देतो, वर्षाला कमाल ५,००० फ्रँक. हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर ही रक्कम पुरेलच असं नाही. विद्यार्थ्यांच्या खासगी पॉलिसीत हे कलम आवर्जून तपासा.

बॅगेत काय, काय नाही?

- चालतं: काळा मसाला, हळद, तिखट, कोरडी चटणी, ज्वारीचे बिबडे, पापड. सपाट बुडाचा स्टीलचा छोटा कुकर, कारण शेगडी विजेची असते.
- चालत नाही: खव्याचे पेढे, तूप, पनीर, मांस. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. ताजी भाजी, कढीपत्ता आणि बहुतेक फळंही कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत. ज्या मोजक्या फळांना सूट आहे त्यांत केळी आहेत, म्हणजे जळगावची फणी प्रवासात बरोबर असली तरी हरकत नाही.
- औषधं: महिनाभराची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.
- प्लग: आपली बारीक दोन पिनांची चार्जर तिथे चालतात. जाड तीन पिनांच्या प्लगला अॅडॉप्टर लागतो.

अडचण आली तर

हे आकडे फोनमध्ये आणि घरच्या कॅलेंडरवरही लिहा: रुग्णवाहिका १४४, पोलीस ११७, आग ११८, डोंगरातल्या बचावासाठी ‘रेगा’ १४१४, आणि कोणताच आठवला नाही तर ११२. मन खचलं तर १४३ वर कोणीतरी ऐकून घेतं. विद्यापीठांत समुपदेशकही असतात, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद करा, मग बर्नच्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर निघण्यापूर्वीच विद्यार्थ्याची नोंदणी करून ठेवा, तक्रारही तिथेच करता येते. परवान्याचा अर्ज नाकारला गेला तर निर्णय लेखी मागा. त्यात अपिलाची मुदत दिलेली असते आणि ती छोटी असते. इथल्या सल्लागाराने फसवलं असेल तर पावत्या घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे तो आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

कॅलेंडर परत भिंतीवर लावा

आता त्यावर किमान सात खुणा असतील: अर्जाची शेवटची तारीख, कर्जाची फाइल, व्हिसाचा अर्ज, पोहोचल्यापासून चौदावा दिवस, तिसरा महिना, सहा महिन्यांनंतर काम करता येण्याची तारीख आणि परवाना नूतनीकरण. त्याशेजारी आठवी खूण करा. रोज फोन करायची वेळ ठरवा: तिकडची वेळ उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की तिकडे हिवाळ्यातही संध्याकाळचे पाचच वाजलेले असतात. मूल वर्गातून बाहेर आलेलं असतं आणि रात्री काय रांधायचं याचा विचार करत असतं. त्या वेळी फोन लावा. पैशांचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा.